उत्तरेच्या सावलीतली मुरुडशेंग : प्रकल्प नोंदी, जून २०२३ ते नोव्हेंबर २०२४

१८ जून २०२३

सोसायटीच्या बैठकीत आज जागा मिळाली. बजाजनगरातल्या आमच्या तीन मजली इमारतीच्या मागे, उत्तरेला, इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये साडेतीन मीटर रुंदीचा पट्टा आहे. पश्चिमेच्या टोकाला जुना कडुनिंब. बाकी सगळा बांधकामाचा मलबा, फुटक्या टाइल्स आणि वाळून गेलेले क्रोटन. निम्म्या लोकांना तिथे पेव्हर ब्लॉक हवे होते. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, वर्ष-दीड वर्ष करून बघा तुम्ही. फक्त पाणी भिंतीत मुरायला नको." अट रास्त आहे, पायाजवळ रोज पाणी सोडणं कुठल्याच इमारतीला मानवत नाही.

माझ्याही अटी आहेत. झुडूप इथल्याच रानातलं हवं. सावलीत फुलायला हवं. आणि पहिला उन्हाळा निघाला की त्याने नळाच्या पाण्यावर जगू नये. नागपूरला प्यायचं पाणी पेंच आणि कन्हानवरून येतं, उन्हाळ्यात त्याची किंमत सगळ्यांना कळते. बागेसाठी ते ओतत राहणं मला पटत नाही.

२१ जून २०२३

'सावलीची जागा' असं आपण सहज म्हणून टाकतो, पण ती सावली कोणत्या महिन्यातली, हे कोणी विचारत नाही. नागपूर २१ अंशांच्या थोडं वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला. त्यामुळे २६ मेच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तिथून थोडा उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या मध्यानंतर परत डोक्यावरून दक्षिणेकडे जातो. आज, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, भरदुपारी सूर्य आमच्या उत्तरेच्या भिंतीच्या बाजूला आहे. 'मागच्या बाजूला कधीच ऊन येत नाही' हे वाक्य इमारतीतल्या प्रत्येकाकडून ऐकलंय. आज दुपारी जाऊन बघितलं, तर भिंतीच्या अगदी पायथ्याशी ऊन होतं.

उलट डिसेंबरच्या अखेरीस दुपारी सूर्य जेमतेम ४५ अंशांवर असतो, म्हणून भिंतीची सावली तिच्या उंचीइतकी लांब पडते. आमची इमारत साधारण १० मीटर उंच, म्हणजे हिवाळ्यात १० मीटर सावली. साडेतीन मीटरचा पट्टा तिच्यात पूर्ण बुडतो. कागदावर हिशेब मांडला तर असं दिसतं: कुंपणालगतच्या कडेला मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारचं ऊन मिळावं. पट्ट्याच्या मध्यावर साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट. इमारतीच्या भिंतीलगत फक्त मेअखेर ते जुलैचा मध्य. कडुनिंबाखाली हा हिशेब लागू नाही, तिथे ऊन गाळून येतं. शिवाय मार्च ते सप्टेंबर सूर्य ईशान्येकडे उगवतो, त्यामुळे पूर्वेच्या टोकाला सकाळची तिरपी उन्हं मिळतात ती वेगळीच.

म्हणजे एकाच पट्ट्यात तीन वेगळ्या सावल्या आहेत. खुणेसाठी बांबूच्या काड्या रोवल्या आहेत, दर महिन्याला सावलीची कड कुठे येते ते बघायचं.

२५ जून २०२३

झुडूप निवडायला आठवडा घेतला. नर्सरीत सावलीसाठी काही मागितलं की क्रोटन, सिंगोनियम आणि ड्रसिना दाखवतात. फुलांचं मागितलं की घाणेरीची रंगीत जात. घाणेरी तर नकोच. परदेशातून बागांसाठी आलेल्या या झुडपाने मध्य भारतातल्या जंगलांचा तळ किती व्यापला आहे, हे पेंच-ताडोब्याकडे गेलेल्या प्रत्येकाने पाहिलंय.

इथल्यांपैकी धायटी मला फार आवडते, पण ती उन्हातली. निर्गुडीलाही मोकळं आभाळ लागतं. अडुळसा सावलीत जगतो, फुलतो, गुरंही तोंड लावत नाहीत; तो राखीव ठेवला. पांढरा चित्रक खालच्या थराला उत्तम, पण त्याचं मूळ जहाल असतं, कातडीवर फोड आणतं. जिथे लहान मुलं माती उकरतात तिथे तो लावणार नाही. कोरांटी भिंतीच्या कोपऱ्यात नक्की लावायची.

मुख्य झुडूप मात्र मुरुडशेंग. सागाच्या रानात खालच्या थराला ती आपोआप असते. दीड-दोन माणूस उंचीची, खरखरीत पानांची. पावसाळ्यात विटकरी-लाल फुलं येतात आणि नंतर पीळ पडलेल्या शेंगा. नागपूरकर तिला ओळखतात ते बाळगुटीतून. झाड म्हणून कोणी बागेत लावलेलं मी पाहिलेलं नाही.

तिच्याकडे वळले ते रानातल्या उजेडाचा विचार करताना. सागाचं रान फेब्रुवारी-मार्चपासून उघडं पडतं. एप्रिल-मेमध्ये जमिनीवर थेट ऊन असतं, आणि त्या वेळी मुरुडशेंगही निष्पर्ण असते. पाऊस आला की वर सागाचं छत आणि खाली हिची पानं एकाच वेळी येतात. म्हणजे हिची सगळी वाढ पावसाळ्यातल्या अर्धवट उजेडात होते आणि कोरड्या दिवसांत ती झोपते. आमच्या पट्ट्यातही उजेड पावसाळ्याच्या आसपास येतो आणि हिवाळ्यात जातो. हिवाळ्यातल्या गडद सावलीने तिचं बिघडायला नको, कारण तोवर तिचं वर्षाचं काम आटोपत आलेलं असतं. हा अंदाज खरा ठरतो का, तेच या नोंदींत बघायचं आहे.

२ जुलै २०२३

पाऊस यंदा उशिरा आला, पण आलाय. देवलापारच्या रस्त्याला मावसभावाचं शेत आहे, तिथे गेले. गोरेवाड्याच्या किंवा पेंचच्या जंगलाच्या हद्दीतून काडीही उचलायची नाही, हे घरातून निघतानाच ठरलेलं. शेताच्या बांधावर मात्र मुरुडशेंगेचं जाळंच आहे. भाऊ हसला. "ताई, याच्यासाठी एवढ्या दूर आली का तू? हे तं कितीही कापलं तरी पुन्हा फुटूनच राह्यते."

त्याचं म्हणणं खरं आहे आणि ते माझ्या कामाचं आहे. मुरुडशेंग मुळांवरून फुटवे काढते. मोठ्या झुडपाच्या आसपास अंगठ्याएवढ्या जाडीच्या फुटव्यांभोवतीची माती कुदळीने सैल केली, आईच्या मुळापासून तुकडा तोडला, आणि थोडी तंतुमुळं असलेले तेवढेच घेतले. वरची काठी वीतभर ठेवून बाकी छाटली, पानं सगळी काढली. मुळं मातीसकट ओल्या गोणपाटात. भावाने बांधावरच्या मुरुडशेंगेच्या सालीचा एक पट्टा ओढून त्यानेच गोणपाट बांधून दिलं. ही साल दोर वळायला चालते, हे मला वाचून माहीत होतं. ओढून बघितल्यावर ती हाताने तुटेना.

९ जुलै २०२३

खड्डे. हे काम सगळ्यात जास्त चाललं.

वरचा फूटभर थर नुसता मलबा. सिमेंटचे गोळे, प्लास्टरची ढलपी, विटांचे तुकडे. त्याखाली काळी माती, चिकट, ओली झाली की फुगणारी. रानात मुरुडशेंग मुरमाड उतारावर, निचऱ्याच्या जमिनीत असते. इथल्या काळ्या मातीत थेट लावली तर पावसाळ्यात मुळं कुजतील. म्हणून खड्डा ४५ सेंटीमीटर खोल-रुंद, मलबा बाहेर. निघालेली काळी माती एक भाग, मुरूम एक भाग, कडुनिंबाच्या पाल्याचं कुजलेलं खत आणि थोडं शेणखत मिळून एक भाग. भरून झाल्यावर जमिनीच्या वर वीतभर उंच उंचवटा केला आणि रोप त्या उंचवट्यावर लावलं. प्लास्टरमधल्या चुन्यामुळे माती अल्कधर्मी होत जाते, म्हणून ढलपी वेचण्यात कंटाळा केला नाही. माळीदादांनी चाळणी लावून सगळी माती काढली.

कडुनिंबाखाली खणताना अंगठ्याहून जाड मूळ लागलं की खड्डा बाजूला सरकवला. एका झुडपासाठी जुन्या झाडाचं मूळ तोडायचं नाही.

जागा तीन. पहिली, पूर्वेच्या टोकाला कुंपणालगत. दुसरी, कडुनिंबाच्या छताखाली. तिसरी, इमारतीच्या भिंतीपासून मीटरभरावर, पट्ट्यात सगळ्यात कमी उजेडाची. प्रत्येक ठिकाणी दोन-दोन फुटवे. उतार कुंपणाकडे दिलाय, भिंतीकडे पाणी जाणार नाही. सेक्रेटरी स्वतः येऊन बघून गेले.

१६ जुलै २०२३

बियांपासूनही रोपं करून बघायची आहेत. सगळी बाग एकाच बांधावरच्या फुटव्यांची नको. इतवारीत काष्ठौषधींच्या दुकानातून वाळल्या शेंगा आणल्या. पाच फळं एकमेकांभोवती पीळ घालून एक शेंग होते. पीळ उलटा फिरवला की ती सुटतात आणि आतून बारीक, काळपट, कोनदार बी गळतं. किडीचं भोक असलेल्या शेंगा बाजूला काढल्या.

या बियांचं कवच टणक आणि पाणी आत न घेणारं असतं. रानात ऊन, वणवा आणि वर्ष-दोन वर्षांचा काळ ते कवच फोडतात. घरात: पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबून बी त्यात टाकायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी जे फुगलं ते पेरायचं. न फुगलेलं बी पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकं घासायचं आणि पुन्हा कोमट पाण्यात. दुधाच्या पिशव्यांना तळाशी भोकं पाडून वाळू, माती, खत समप्रमाणात भरलं. बी नखाच्या जाडीइतकंच खोल.

३० जुलै २०२३

लावलेल्या फुटव्यांपैकी एक सोडून सगळ्यांना डोळे फुटले. भिंतीकडचा एक काळा पडला. पिशव्यांत निम्म्याहून कमी बी उगवलंय, तेही एकदम नाही, रोज एखाददुसरं.

२० ऑगस्ट २०२३

पावसाने चांगलीच ओढ दिली आहे. महिनाभर नुसतं ढगाळ किंवा नुसतं ऊन. तीन दिवसांआड बादलीभर पाणी देतेय, उंचवट्याच्या कडेने, खोडाशी नाही. पूर्वेकडच्या रोपांना तळहाताएवढी पानं आली. बोट फिरवलं की वरची बाजू खरखरीत लागते, खालची मऊ; भिंगातून पाहिलं तर खाली बारीक चांदणीच्या आकाराचे केस. पानाचा देठाकडचा भाग एका बाजूला जास्त भरलेला, दोन्ही अर्धं सारखं नसतं. पान ओळखायला ही खूण पुरेशी आहे.

कडुनिंबाखाली माती सगळ्यात लवकर सुकते. वरून पडणारं पाणी छत अडवतं, जे पडतं ते झाडाची मुळं पितात. झाडाखालची सावली कोरडी आणि भिंतीलगतची ओलसर, हा फरक काड्या रोवून दिसत नाही, बोट मातीत घालावं लागतं. कडुनिंबाखाली वाळक्या पाल्याचा चार बोटं थर पसरला.

१५ सप्टेंबर २०२३

काल पोळा झाला, आज मारबतीची मिरवणूक. गल्ली रिकामी, सगळे ती बघायला महाल भागाकडे गेलेले. निवांत मोजमाप केलं: पूर्वेकडची रोपं कमरेच्या खाली, कडुनिंबाखालची गुडघ्याएवढी पण सडपातळ, भिंतीकडचं एकुलतं रोप रुंद पानांचं आणि बुटकं. यंदा फुलं येणार नाहीत, त्याची अपेक्षाही नव्हती. दुपारच्या सावलीची कड कुंपणाच्या पायथ्यापासून आता हातभर उरलीय. हिशेब जुळतोय.

२४ सप्टेंबर २०२३

परवाच्या रात्री जो पाऊस झाला त्याने शहराचं फार नुकसान केलं. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. ओळखीच्या घरांमधून चिखल काढायला आज दिवसभर गेले. आमच्या गल्लीत पाणी घरात आलं नाही, पण मागच्या पट्ट्यात सकाळपर्यंत साचलं होतं. उंचवटे वर होते. बागेबद्दल आज एवढंच.

१ ऑक्टोबर २०२३

साचलेल्या पाण्यानंतर आठवडा झाला. उंचवट्यावरची सगळी रोपं ठीक. पिशव्यांतली काही रोपं मात्र खाली जमिनीवर ठेवलेली होती, त्यांच्या खालच्या पानांना डाग पडून ती गळली. कुंपणाच्या तळाशी माळीदादांनी वीट काढून पाण्याला वाट केली. काळ्या मातीच्या शहरात झुडूप लावायचं तर हा उंचवटा आणि ही वाट या दोन गोष्टींवर मी यापुढे तडजोड करणार नाही.

२६ नोव्हेंबर २०२३

पूर्वेकडच्या एका शेंड्यावर पिठ्या ढेकूण. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तेव्हाच शंका आली होती. ढेकणांचा गोड स्राव मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या त्यांना राखतात. आधी पाण्याच्या जोरदार धारेने शेंडा धुतला. मग निंबोळी अर्क. कडुनिंब दारात आहे, जूनमध्ये वेचून सावलीत सुकवलेल्या निंबोळ्या होत्या. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम बियांचा कुटलेला गर, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायचा, चमचाभर साबणाचं पाणी घालायचं आणि संध्याकाळी फवारायचं. फुलं असताना हे करायचं नाही, पाखरं आणि मधमाश्या येतात.

२२ डिसेंबर २०२३

दुपारी सावली मोजली. पट्टा ओलांडून कुंपणावर चढलीय, पलीकडच्या प्लॉटमध्ये गेलीय. अख्खा पट्टा थंड. पानं अजून हिरवी आहेत पण वाढ पूर्ण थांबली. पाणी पंधरवड्यातून एकदा.

१८ फेब्रुवारी २०२४

पानं पिवळी पडून गळायला लागली. पूर्वेकडे आधी. ठीक आहे.

३१ मार्च २०२४

कडुनिंबाने जुनी पानं टाकून नवी तांबूस पालवी धरलीय. मुरुडशेंगेच्या मात्र नुसत्या काटक्या. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, मेलं ते. उपटून टाक आणि शेवंती लाव." मी त्यांना खाली नेलं आणि काटकीच्या सालीवर नखाने हलकं ओरखडलं. आत हिरवं. दुसऱ्या फांदीचा शेंडा ओरखडला तर तपकिरी, मग बोटभर खाली ओरखडलं तिथे हिरवं. काकूंनी स्वतः दोन-तीन ठिकाणी करून बघितलं आणि मग म्हणाल्या, "मग पाणी तरी घाल भरपूर."

इथेच अशी झाडं मरतात. पानझडीच्या काळात झाड पाणी फारसं उचलत नाही. दया येऊन रोज ओतलेलं पाणी काळ्या मातीत थांबतं आणि झोपलेली मुळं कुजतात. आठ-दहा दिवसांतून एक बादली, तीही फक्त लहान रोपांना. बांधावरच्या झुडपांना एप्रिलमध्ये कोण पाणी घालतं?

५ मे २०२४

कूलर सगळीकडे सुरू. रोज सकाळी कुणी ना कुणी कूलरच्या टाकीतलं जुनं पाणी पट्ट्यात ओतायला निघतं. हेतू चांगला, पाणी वाया जाऊ नये हा. पण कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. दोन-तीन दिवसांनी टाकीत जे उरतं ते मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. टाकीच्या कडेला आणि वाळ्याच्या टट्ट्यांवर जी पांढरी पुटं चढतात ती हीच. ते पाणी मातीत गेलं की पानांच्या कडा जळतात आणि काळी माती आणखी घट्ट होते. जिन्याशी एक कागद लावला: कूलरचं पाणी अंगण धुवायला घ्या, बागेत नको. तळमजल्यावरच्या आजोबांनी त्याखाली स्वतःच्या हाताने 'जरूर' असं लिहिलं.

२६ मे २०२४

रविवार, त्यात शून्य सावलीचा दिवस. दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास मुलांना घेऊन गच्चीवर आणि मग मागे गेलो. उभ्या ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली गेली. मागच्या पट्ट्यात भिंतीच्या अगदी बुडाशी ऊन. 'मागे ऊन येत नाही' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण हजर होते. पारा ४४-४५ला टेकलेला, कोणी पाच मिनिटांच्या वर थांबलं नाही.

आजच छाटणीही केली. पूर्वेकडच्या रोपांच्या वाळक्या शेंड्यांपासून खाली, जिथे हिरवी साल लागली तिथे डोळ्याच्या वर तिरपा काप. फुलं नव्या फांद्यांवर, पानांच्या बगलेत येतात, म्हणून पावसाआधी छाटलेलं चांगलं. कडुनिंबाखालची आणि भिंतीकडची रोपं छाटली नाहीत, त्यांच्याकडे तेवढी शिल्लक नाही.

२३ जून २०२४

पाऊस सुरू झाल्यावर चारच दिवसांत सगळ्या काटक्यांना डोळे. काकू रोज सकाळी मोजून मला सांगतात.

१४ जुलै २०२४

बियांची रोपं पिशव्यांतून काढून कुंपणाच्या कडेला लावली. ती अजून वीतभरच आहेत, पण मुळं पिशवीच्या तळापर्यंत गेलेली. बियांच्या रोपाला फुलायला वेळ लागणार हे धरून चाललेय.

११ ऑगस्ट २०२४

पूर्वेकडच्या झुडपावर कळ्या. पानाच्या बगलेत दोन-तीन एकत्र, करड्या मऊ लवीच्या. कडुनिंबाखाली एका फांदीवर शंका वाटतेय.

२५ ऑगस्ट २०२४

फुललं.

काल संध्याकाळी जी कळी मिटलेली होती ती सकाळी उघडी दिसली. खाली नळीसारखा निदलपुंज, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण, त्याचं तोंड दोन ओठांत फाकलेलं. त्यातून विटकरी-लाल पाकळ्या मागे वळलेल्या. आणि मधून एक लांब वाकडा दांडा बाहेर येतो, ज्याच्या टोकाशी पुंकेसर आणि बीजकोश दोन्ही एकत्र आहेत. बहुतेक फुलांत बीजकोश तळाशी बसतो. इथे तो फुलाच्या बाहेर, हवेत, दांड्याच्या टोकाला आहे. मधुरस मात्र तळाशी नळीत. म्हणजे जो रस प्यायला चोच घालेल त्याचं डोकं वरच्या दांड्याला लागणार आणि पराग डोक्यावर चढणार. हे वाचलेलं होतं. आज जांभळा शिंजीर आला, खालच्या फांदीवर उलटा-सुलटा होत त्याने चोच घातली आणि दांड्याचं टोक त्याच्या कपाळाला टेकलेलं मी दोन हातांवरून बघितलं.

काही फुलांच्या देठाला पांढरा दोरा बांधला, रंग बदलतो तो कधी ते बघायला. आज लाल असलेली फुलं उद्या निळसर-राखाडी झाली पाहिजेत.

२६ ऑगस्ट २०२४

झाली. दोरा बांधलेली सगळी फुलं शिशाच्या रंगाची. त्यांच्या शेजारी आजची ताजी लाल. एकाच फांदीवर दोन रंगांची फुलं दिसतात म्हणून वॉचमनभाऊंना दोन जातींचं कलम वाटलं होतं. शिंजीर आज फक्त लालवर गेला. फुलपाखरंही होती, पण पाखराएवढी नेमकी नाहीत. मुंग्या दोन्हींवर.

३ सप्टेंबर २०२४

तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन मुलं दारोदार फिरून गेली, मग सगळी मागे झाडापाशी. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना शेंगा धरताहेत हे कळल्यावर त्या जिना उतरून आल्या. त्यांनी सांगितलं, सहाणेवर शेंगेचे वळसे किती द्यायचे, हिरडा किती, वेखंड किती. त्यांच्या नातीला बाळ होणार आहे. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की या पट्ट्यात निंबोळीची फवारणी झाली आहे आणि मातीत सिमेंट होतं, इथली शेंग बाळाला देऊ नका. आणि बाजारातलीही डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारून. त्या म्हणाल्या, "लावून ठेव गं, लेकरांना ओळख तरी राहील." ते काम झाड करतंच आहे.

२७ ऑक्टोबर २०२४

आता तिन्ही जागांचा निकाल लिहिता येतो.

पूर्वेचं टोक, कुंपणालगत: झुडूप माझ्या डोक्याच्या वर गेलं. ऑगस्टच्या शेवटापासून या महिन्याच्या मध्यापर्यंत फुलत राहिलं. शेंगा भरपूर, हिरव्या, पीळ स्पष्ट, साधारण बोटभर लांब. ही जागा नक्की.

कडुनिंबाखाली: उंची चांगली, पण फांद्या उजेडाकडे ओढलेल्या, सगळा तोल कुंपणाकडे. फुलं मोजकी, शेंगा त्याहून मोजक्या. मेली नाही, बहरलीही नाही. पुढच्या मेमध्ये कडुनिंबाची एक खालची, अर्धी वाळलेली फांदी काढली तर फरक पडेल. त्यासाठी आधी परवानगी काढायची.

भिंतीकडे: मोठी, पातळ, गर्द पानं, एकही कळी नाही. झुडूप निरोगी आहे, पण फुलांसाठी ही जागा नाही. तिथून ते काढून पूर्वेकडे नेणार आणि त्याच्या जागी अडुळसा. भिंतीच्या सावलीत अडुळसा पांढरी फुलं देतो, हे याच शहरात कित्येक वाड्यांच्या मागे पाहिलंय.

म्हणजे मुरुडशेंग 'सावलीत येते' हे अर्धंच खरं. ती सावलीत जगते. फुलायला तिला पावसाळ्याच्या आधीचे आणि पावसाळ्यातले महिने तरी आभाळाचा मोठा तुकडा लागतो. नागपुरात उत्तरेच्या भिंतीमागे तो तुकडा मिळतो, पण भिंतीपासून लांबच्या कडेला. ज्यांच्याकडे असा पट्टा आहे त्यांनी आधी जूनमध्ये आणि मग सप्टेंबरमध्ये भरदुपारी एकदा मागे जाऊन उभं राहावं आणि ऊन कुठे संपतं तिथे खूण करावी. दोन्ही वेळेस ऊन असेल तिथे मुरुडशेंग लावा. एखाद्या वेळेस सावली असेल तिथे अडुळसा किंवा कोरांटी.

२४ नोव्हेंबर २०२४

वर्ष-दीड वर्षाची मुदत संपली म्हणून आज बैठकीत जागेचा विषय निघाला. सेक्रेटरींनी भिंतीची ओल आधीच बघून ठेवली होती, ओल नाही. पेव्हर ब्लॉकचा ठराव मागे घेतला. पट्ट्याला आता मुदत नाही.

पूर्वेकडच्या झुडपाच्या मुळाशी, आईपासून हातभर अंतरावर, मुळांवरून नवे फुटवे निघालेत. ते जुलैपर्यंत तिथेच ठेवायचे. त्यातले दोन फुटवे शेजारच्या इमारतीतल्या वहिनींनी आत्ताच सांगून ठेवलेत, त्यांचा पट्टाही उत्तरेला आहे. काल त्यांच्याकडे जाऊन सावली बघितली. त्यांची इमारत चार मजली, म्हणून कड आणखी लांब धरावी लागेल. त्यांना बांबूच्या काड्या आणि गेल्या वर्षीची माझी वही दिलीय. शेंगा तपकिरी व्हायला लागल्यात. निम्म्या झाडावरच राहू द्यायच्या, निम्म्या बियांसाठी काढून कागदी पिशवीत, कोरड्या जागी, तारीख घालून.

डिसेंबरसाठी कामं: मुंग्या बघणे, पिठ्या ढेकूण दिसला तर धुणे, पाणी पंधरवड्याने, कुंपणाखालची पाण्याची वाट पाल्याने बुजलीय ती मोकळी करणे.